एकवीस फायली आणि ११ मार्च

जर्मनीच्या दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्याला २१ मुलं जाणार होती. जायचं जानेवारीत, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी व्हिसाच्या फायली घेऊन मी कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये बसलो. जर्मनीला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे वेळ भरपूर होता.

पहिल्या पंधरा फायलींत नेहमीचेच घोळ. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. दोघांनी २५,००० डॉलरचा काढलेला. नावाचा गोंधळ तर आपल्याकडे ठरलेलाच. पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, विम्याच्या अर्जात मात्र मुलं आपलं नाव आणि आडनाव एवढंच भरतात.

सोळावी फाईल पहिल्या वर्षाच्या मुलाची होती. पासपोर्ट चालू, कागद चोख. पण मुदत ११ मार्चला संपत होती आणि परतीचं विमान २० जानेवारीचं. शेंगेनमधून निघाल्यावर पासपोर्टला आणखी तीन महिने मुदत हवी, म्हणजे २० एप्रिलपर्यंत. हा पासपोर्ट तेराव्या वर्षी काढलेला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण पुस्तिका मोठ्यांच्या पुस्तिकेसारखीच दिसते.

त्याच तारखेवरून दुसरी गोष्ट उघड झाली. मुलगा दौऱ्यात सतराचाच असणार. म्हणजे आई आणि वडील, दोघांचंही नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. फाईलमध्ये एकट्या वडिलांची साधी सही.

दुपारी त्याच्या वडिलांना फोन केला. तत्काळचे २००० रुपये जास्त पडतात, पण तेच करा म्हटलं. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच पर्याय निवडायला सांगितला.

खरी कटकट पुढे होती. नव्या पासपोर्टचा नंबर नवा. अर्ज, विमा, जर्मन विद्यापीठाच्या निमंत्रणपत्राची यादी, सगळीकडे जुनाच नंबर. आमच्या कॉलेजच्या पत्रातही तोच, आणि ते पत्र तर महत्त्वाचं. अशा दौऱ्याच्या विद्यार्थ्यांना व सोबतच्या शिक्षकांना व्हिसाचे ९० युरो माफ होतात, ते त्याच पत्राच्या आधारावर. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं.

बाकीच्या वीस फायली सोमवारी पाठवल्या. सोळावी कपाटात ठेवली, वर पेन्सिलीनं लिहून: ‘नंबर चार ठिकाणी बदलणे.’