हळदीचा पिवळा तांबडा का होत होता

सांगलीत विश्रामबागेतल्या एका छोट्या कार्यालयात मी वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करण्याचे काम करतो. हळदीच्या हंगामाच्या तोंडावर आम्ही इथल्याच एका छापखान्यासाठी अ‍ॅप्लिकेशन करून दिले होते. हळद पावडरीची पाकिटे भरणाऱ्या लहान व्यावसायिकांनी आपल्या लेबलाचा मजकूर आणि रंग मोबाइलवरच ठरवावा आणि छापखान्याकडे पाठवावा, अशी त्याची रचना होती. त्यातला कलर पिकर, म्हणजे रंग निवडण्याचा चौकोन आणि पट्टी, मी स्वतः लिहिला होता आणि तो नीट चालतो, याची मला पूर्ण खात्री होती.

म्हणूनच बचत गट चालवणाऱ्या एका काकूंचा पहिल्यांदा फोन आला, तेव्हा मी त्यांना बोट घसरले असेल, असे सांगितले. दुसऱ्या वेळीही तेच सांगितले. तिसऱ्या वेळी त्या एस.टी.ने थेट कार्यालयात आल्या, पिशवीतून राजापुरी हळदीचे पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, मी या रंगाचं लेबल करते आणि ते तांबडं होतंय. छापखान्यातले म्हणतात, तुम्हाला जमत नाही. तुम्ही एकदा डोळ्यानं बघा." आपल्यालाच मोबाइल वापरता येत नाही, असे त्यांना जवळजवळ पटले होते, आणि ते पटवण्यात माझाही हात होता.

मी माझ्या संगणकावर दहा-बारा वेळा रंग निवडून पाहिला. काहीही बिघडले नाही. मग त्यांना त्यांच्याच फोनवर करायला सांगितले आणि त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. त्यांनी पिवळा निवडला. तो फिका वाटला म्हणून गडद करण्यासाठी अंगठा चौकोनात खाली ओढला. अंगठा पार खालच्या कडेला, काळ्यापर्यंत गेला. तिथून त्या वर आल्या, तेव्हा सगळा चौकोन लाल झालेला होता. मी माउसने तपासताना त्या कडेपर्यंत कधी गेलोच नव्हतो.

असा चौकोन आणि शेजारची रंगांची पट्टी ही बहुतेक कलर पिकरची ठेवण एचएसव्ही (छटा, दाटपणा, उजेड) या पद्धतीवर उभी आहे, जी अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी 1978 साली मांडली. पट्टीवर मूळ छटा 0 ते 360 अंशांत मोजतात. चौकोनात आडवे सरकले की रंगाचा दाटपणा बदलतो आणि उभे सरकले की उजेड. मी मात्र स्टेटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या चालू नोंदीत, या तीन गोष्टी न ठेवता फक्त हेक्स कोड (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे जोडून केलेला कोड) ठेवला होता आणि प्रत्येक हालचालीनंतर त्या कोडवरून छटा उलटी काढत होतो. काकूंचा पिवळा म्हणजे लाल 224, हिरवा 164, निळा 22. त्याची छटा सुमारे 42 अंश. काळ्यात तिन्ही आकडे शून्य होतात, त्यामुळे छटा काढायला काही उरतच नाही, आणि माझे फंक्शन अशा वेळी 0 अंश हे उत्तर देत होते. 0 अंश म्हणजे लाल. पांढऱ्या-राखाडी रंगांच्या डाव्या कडेलाही हेच होत होते. तिथे कुणाचा अंगठा गेला नव्हता, इतकेच.

दुरुस्ती तासाभरात झाली. छटा, दाटपणा आणि उजेड हे तिन्ही आकडे स्टेटमध्ये ठेवले आणि हेक्स कोड फक्त बाहेर देण्यापुरता काढला. बाहेरून वेगळाच कोड आला, तरच छटा नव्याने मोजायची. त्याच वेळी दुसरी चूक हाती लागली. बोट सरकत असताना प्रत्येक पायरीला रंग सर्व्हरवर जतन होत होता. ते जतन करणे बोट उचलल्यावर व्हायला हवे होते. ब्राउझरच्या स्वतःच्या रंगखान्यात यासाठी इनपुट (रंग सरकत असताना) आणि चेंज (निवड पक्की झाल्यावर) अशा दोन वेगळ्या घटना असतात, पण रिअ‍ॅक्ट या वेब लायब्ररीतला ऑनचेंज (बदल कळवणारा गुणधर्म) इनपुटलाच बांधलेला असल्यामुळे तिथे हा फरक मुद्दाम सांभाळावा लागतो.

काकू तोवर बसून होत्या. नवी आवृत्ती त्यांच्या फोनवर उघडून दिली, तेव्हा त्यांनी अंगठा सात-आठ वेळा तळापर्यंत नेऊन वर आणला. पिवळा पिवळाच राहिला. मग लेबल जरा लांब धरून त्या म्हणाल्या, "अक्षरं पांढरी आहेत, ती मला दिसंनात." मी मोजून पाहिले: त्या पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांचे कॉन्ट्रास्ट प्रमाण (अक्षरे आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) जेमतेम 2.2 भरत होते, आणि वेबवरील साध्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान 4.5 असावे, असा मान्य निकष आहे. काळ्या अक्षरांना तेच प्रमाण 9.5 च्या आसपास मिळाले. निवडलेल्या रंगावर अक्षरे वाचता येतील की नाही, हे पिकरनेच तिथल्या तिथे सांगावे, ही सोय मी त्याच संध्याकाळी कामाच्या यादीत सर्वांत वर लिहिली. काकूंनी अक्षरे काळी केली, टेबलावरचे पाकीट फोनशेजारी धरून दोन्ही पिवळे पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि लेबल छापखान्याकडे पाठवून दिले.