मेंथॉल नको, नाक चोंदायला नको: मग बव्हेरियात कुठली तपकीर घ्यायची

जर्मनीत तंबाखूच्या दुकानात जाऊन नुसतं "श्नुप्फटाबाक (म्हणजे तपकीर) द्या" म्हटलं की बहुतेक वेळा मेंथॉलवाली डबीच पुढ्यात येते. दुकानदाराचा काही दोष नाही, खपतंच ते. पोश्ल कंपनीची ग्लेचरप्रीझं इथं सगळ्यांना माहीत असते, नावातच हिमनदी आहे म्हटल्यावर आत काय असणार ते वेगळं सांगायला नको. ज्याला ते आवडतं त्यानं खुशाल घ्यावं. पण तुम्हाला तो गारेगार झटका नको असेल, डोळ्यात पाणी नको असेल आणि तंबाखूचा स्वतःचा वास हवा असेल तर दुकानात एकच शब्द बोलायचा, श्माल्ट्सलर, म्हणजे जुन्या पद्धतीची काळी बव्हेरियन तपकीर.

पुढं जायच्या आधी एक सांगून टाकतो. जो कुठल्याच रूपात तंबाखू घेत नाही त्यानं ही पोस्ट गंमत म्हणून वाचावी आणि विषय सोडून द्यावा, "एकदा ट्राय करून बघू" वगैरे करू नये. नाकातून निकोटिन फार पटकन रक्तात जातं आणि सवय लागते. धूर नाही म्हणजे फुप्फुसाला धूर नाही एवढंच, बाकी तंबाखू ती तंबाखूच, बिनधुराची तंबाखू कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे ती आहेच. डबीवर पण छापलेलं असतं की हे आरोग्याला हानिकारक आहे आणि व्यसन लावतं. हे मी लिहितोय ते त्या लोकांसाठी जे आधीच तपकीर ओढतात, किंवा ऑक्टोबरफेस्टला (म्युनिकची बिअरची जत्रा) टेबलावर शेजारच्यानं पुढं केलेली चिमूट ओढून बसलेत आणि आता मला मेसेज करतायत की दादा, नाक कालपासून चोंदलंय, हे असंच असतं का. असंच नसतं, पण त्याला कारणं आहेत.

आधी मेंथॉलचं बघू. मेंथॉल घेतल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ना, ते फक्त वाटतं. नाकाच्या आतल्या ज्या नसांना थंडी कळते त्यांना मेंथॉल जाऊन टोचतं आणि मेंदूला वाटतं की वा, गार हवा भरपूर येतेय. प्रत्यक्षात हवेला जायला जागा तेवढीच असते, एक मिलिमीटर सुद्धा वाढत नाही. सर्दीत आपण बाम लावतो तेव्हा पण हेच होतं. आणि गंमत म्हणजे मेंथॉलमुळं आपली चिमूट मोठी होत जाते, कारण गारव्याखाली तंबाखूची जळजळ कळतच नाही, मग माणूस ओढत राहतो आणि अर्ध्या तासानं मेंथॉल उतरला की खाली राहिलेलं सुजलेलं, भुकटीनं भरलेलं नाक हातात येतं. (नाक हातात येतं हे जरा जास्त झालं, पण भावना समजून घ्या.) तिकडं युरोपियन युनियननं 2020 च्या मे महिन्यात मेंथॉल सिगरेटी बंद केल्या, कारण मेंथॉलनं तिखटपणा लपतो, तपकिरीला मात्र तो नियम लागू नाही, त्यामुळं दुकानात मेंथॉलवाल्या डब्या तशाच रांगेत उभ्या.

आता श्माल्ट्सलर म्हणजे काय. श्माल्ट्स म्हणजे चरबी किंवा लोणकढं तूप. पूर्वी बव्हेरियात (दक्षिण जर्मनीतलं राज्य) तपकीर मऊ आणि ओलसर राहावी म्हणून तिच्यात चक्क तूप मिसळायचे, त्यावरूनच हे नाव पडलं. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे काय हे, तुपाची नासाडी." आता तूप नसतं, ते खवट होतं, त्याऐवजी बिनवासाचं पॅराफिन तेल वापरतात, पण काम तेच, भुकटी उडू द्यायची नाही आणि नाकाच्या कातडीला कोरडी लागू द्यायची नाही. आणि तंबाखू मुख्यतः ब्राझीलची, काळीकुट्ट, जाड दोरखंडासारखी वळलेली, चांगली आंबवलेली. ती आंबवण्यातनंच तिला तो मनुका-अंजिराच्या जवळ जाणारा वास येतो, वरून सेंट मारायची फारशी गरज पडत नाही.

मी बव्हेरियातल्या रेगेन्सबुर्गला राहतो, आणि इथं ह्या विषयाला टाळणं अवघडच आहे. जुन्या गावात गेझांटनश्ट्रासंवर बर्नार्ड बंधूंची तपकिरीची फॅक्टरी होती. मूळची कंपनी ओफेनबाखची, 1733 सालची, रेगेन्सबुर्गमध्ये त्यांनी 1812 ला काम सुरू केलं आणि 1998 पर्यंत ह्या भर वस्तीतल्या मध्ययुगीन वाड्यात तंबाखू कुटली, चाळली, आंबवली जात होती. आता तिथं छोटं म्युझियम आहे. दुसरं मोठं नाव पोश्ल, 1902 ला लांडशूटमध्ये सुरू झालेली, आता जवळच्या गाइझनहाउझनला. म्हणजे मेंथॉलवाली ग्लेचरप्रीझं पण त्यांचीच आणि अगदी पारंपरिक श्माल्ट्सलर पण त्यांचीच. म्हणून कंपनीचं नाव बघून निवडू नका, डबीवर काय लिहिलंय ते बघा.

तर निवडायचं कसं. इथं एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते, जर्मन लोक "स्नफ" हा इंग्लिश शब्द जेव्हा वापरतात तेव्हा त्यांना बहुधा बारीक, मेंथॉल किंवा तसलाच गार वास मारलेली तपकीर म्हणायची असते, आणि जुन्या पद्धतीची काळी तपकीर म्हणजे श्माल्ट्सलर. त्यामुळं डबीवर श्माल्ट्सलर किंवा ब्राझिल असं दिसलं तर बहुतेक वेळा तुम्ही सेफ आहात. ग्लेचर (हिमनदी), मिंट्सं (पुदिना), ऑयकालिप्टुस (निलगिरी), फ्रिश (ताजं) असले शब्द दिसले तर खाली ठेवा. फळांच्या चित्रावर तर अजिबात जाऊ नका, गोड जर्दाळूचं चित्र असतं आणि आत जर्दाळूसोबत थोडा मेंथॉल पण घातलेला असतो. शंका आली तर सरळ "ओनं मेंटोल?" (मेंथॉल नसलेली ना?) असं विचारायचं, छोट्या दुकानातल्या म्हाताऱ्या बायका-माणसांना ह्यातलं सगळं माहीत असतं आणि परदेशी माणूस श्माल्ट्सलर मागतोय म्हटल्यावर एकदम खूश होतात.

वासाच्या आधी मी दोन गोष्टी बघतो, दळण आणि ओल. आपल्याकडची तपकीर बहुतेक मैद्यासारखी बारीक आणि कोरडी असते, आमचे अण्णा आजोबा ओढायचे ती अशीच, डबीचं झाकण बोटानं टकटक वाजवून उघडायचे आणि धोतराच्या सोग्यावर कायम तांबूस डाग. तसली बारीक कोरडी भुकटी नाकात खोलवर जाते, घशात उतरते, आणि ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याचं नाक त्यावर लगेच भडकतं. श्माल्ट्सलर उलट आहे. डबी उघडली की आत भुकटी नाही, जवळजवळ काळा, किंचित चकाकणारा, ओलसर चुरा दिसतो, चिमटीत धरला तर बोटांना चिकटतो आणि गुठळ्या होतात. त्या गुठळ्या बोटांत चोळून सुट्या करायच्या. जाड आणि जड असल्यामुळं हा माल नाकाच्या पुढच्या भागातच थांबतो, मागं पळत नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

नावं सांगायची तर, पहिल्यांदा घेणाऱ्याला मी पोश्लची झ्युडफ्रुख्ट सुचवतो, सुक्या अंजिराचा गोडसर वास, तिखटपणा कमी. तिच्यानंतर श्माल्ट्सलर ए, ही जास्त काळी, मातकट, गोडवा कमी, मला रोजच्यासाठी हीच आवडते. श्माल्ट्सलरफ्रांट्सल पण चांगली. पेर्लेसरॉयटर नावाची एक असते, पेर्लेसरॉयट हे बव्हेरियन जंगलातलं गाव, पूर्वी तिथं तपकिरीचा मोठा धंदा होता, ती मात्र माझ्या नाकाला जरा उग्र वाटते, आंबवल्याचा वास अंगावर येतो, नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. बर्नार्डच्या नावानं मिळणारी जुनी बव्हेरियन श्माल्ट्सलर पण ह्याच घराण्यातली. एकेकाच्या नाकावर असतं हो हे, एकानं डोक्यावर घेतलेली दुसऱ्याला शेणासारखी वाटते.

आता ओढायची पद्धत, कारण नाक चोंदण्याचं अर्धं कारण इथं आहे. लोकांना वाटतं जोरात सुर्रकन ओढायची. नाही. अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो (डॉक्टर लोक त्याला खरंच "स्नफबॉक्स" म्हणतात) त्यावर मुगाच्या दाण्याएवढी ठेवायची, आणि कशाचा तरी वास घ्यावा इतक्याच हळू श्वासानं आत घ्यायची. घशात कडू उतरलं, ठसका लागला, तर समजा जास्त जोरात ओढली. शिंक यायलाच पाहिजे असंही काही नाही, नेहमीच्या माणसाला येत नाही. पाच-दहा मिनिटांनी नाक शिंकरून मोकळं करायचं, आणि ह्यासाठी पांढराशुभ्र रुमाल वापरू नका, इथल्या म्हाताऱ्यांकडं ते लाल नाहीतर निळे नक्षीचे मोठे रुमाल असतात ते शोभेसाठी नसतात. आत साठून राहिलेली तपकीर हेच चोंदण्याचं कारण असतं बऱ्याचदा. झोपायच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं तर उत्तम, आपली जलनेती, इथं ड्रगस्टोरमध्ये "नाझनडुशं" (नाक धुवायचं भांडं) म्हणून प्लास्टिकचं भांडं आणि मिठाच्या पुड्या मिळतात, पाणी उकळून कोमट केलेलं घ्या.

आणि नाक आधीच चोंदलेलं असेल तर ओढूच नका. सर्दी असताना, किंवा इथं वसंतात बर्चच्या परागांची ॲलर्जी सुरू होते तेव्हा, कुठलीही तपकीर औषध नाही, मेंथॉलवाली नाही आणि बिनमेंथॉलची पण नाही. नाक बंद म्हणून तपकीर, तपकिरीनं नाक बंद म्हणून नाक मोकळं करायचा स्प्रे, आणि तो स्प्रे आठवडाभराच्या पुढं मारत राहिलं की त्याच्याशिवाय नाक उघडतच नाही, ही साखळी मी जवळच्या एका मित्राची बघितलीय. आठ-दहा दिवस बंद ठेवूनही नाक सुटत नसेल, रक्त येत असेल, एकाच बाजूनं कायम चोंदत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं जा आणि तपकीर ओढतो हे त्यांना सांगा, लाजू नका.

साठवणीचं पण बघा, कारण चांगली श्माल्ट्सलर सुकली की तीच बारीक कोरडी भुकटी होते आणि मग एवढी निवडून घेतल्याचा काही उपयोग नाही. म्हणून छोटी डबीच घ्या, मोठी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. बव्हेरियन जंगलात ह्यावर फार सुंदर उपाय होता, काचेच्या चपट्या बाटल्या. त्स्वीझल, बोडनमाइस, फ्राउएनाउ ह्या भागात काचेचे कारखाने, तिथले कारागीर कामाची वेळ संपल्यावर उरल्यासुरल्या काचेतून स्वतःसाठी, मित्रांसाठी ह्या बाटल्या फुंकायचे. तोंड एवढंसं, वर बूच, म्हणजे हवा आत जात नाही आणि हातावर ठोकली की बरोबर एक चिमूट बाहेर पडते. खिशात बसाव्यात म्हणून चपट्या. पण सजावट बघाल तर वेडे व्हाल, निळ्या-लाल काचेच्या आतून पांढरे धागे पिळत गेलेले, एकावर एक रंगांचे थर चढवून मग वरचा थर कोरलेला, आणि हे सगळं अशा वस्तूवर जी दिवसभर लाकूडतोड्याच्या पँटच्या खिशात राहणार. ग्राफेनाउला तपकिरीचं म्युझियम आहे आणि फ्राउएनाउच्या काचेच्या म्युझियममध्येही ह्या बाटल्या आहेत, तपकिरीशी काही देणंघेणं नसलं तरी जाऊन या. जुन्या बाटल्यांच्या किमती बघून मी मात्र हात मागं घेतला, साधी नवीन घेतली.

अजून एक, बिअर टेंटमध्ये लाकडाचं छोटं यंत्र घेऊन कुणी आलं, ज्याच्यावर दोन ढीग ठेवून स्प्रिंगनं थेट दोन्ही नाकपुड्यांत उडवतात, तर हसून "नाइन, डांकं" (नको, धन्यवाद) म्हणा. त्यात सहसा मेंथॉलवालीच असते आणि प्रमाण तुमच्या हातात राहत नाही. इथं तर तपकीर ओढायच्या स्पर्धा पण होतात, एका मिनिटात पाच ग्रॅम नाकात भरायची, ज्याची कमी सांडली तो जिंकला. बघायला मजा येते, भाग घ्यायला अजिबात नको.

खरेदीचं शेवटचं, स्टेशनवरच्या किऑस्कमध्ये आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर बहुतेक मेंथॉलवाल्याच दोन-तीन डब्या असतात, श्माल्ट्सलरसाठी खरं तंबाखूचं दुकान शोधावं लागतं, आणि छोट्या गावात अशी दुकानं शनिवारी दुपारीच शटर ओढतात, रविवारी तर प्रश्नच नाही, त्यामुळं शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जा. अठरा वर्षांचे दिसत नसाल तर आयडी बरोबर ठेवा. आणि पुण्याला जाताना भाऊजींनी "आमच्यासाठी पण एक डबी आण" म्हटलं तर त्यांना चॉकलेट आणा.