सहा जणांसाठी पेय

गेल्या वर्षअखेरीच्या पार्टीला मी फेसाळत्या वाइनची एक बाटली नेली होती. ती तासभर गाडीत राहून चांगलीच कोमट झाली होती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. अशा बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. वाइन थंड असेल तर वायू तिच्यात मुरून राहतो, कोमट असेल तर बाहेर यायला धडपडतो. मी बूच सैल करते न करते तोच अर्धी बाटली टेबलक्लॉथवर सांडली. उरलेल्यात जेमतेम तिघांचे ग्लास भरले.

त्याचं वाईट वाटलंच, पण मनाला लागून राहिलं ते वेगळंच. शुभेच्छांसाठी सगळ्यांनी ग्लास उंचावले तेव्हा मैत्रिणीची धाकटी जाऊ, सातवा महिना चाललेली, कोपऱ्यात पाण्याचा कागदी पेला धरून उभी होती. तिने तो उचलला आणि लगेच खाली घेतला. टेबलावर सात-आठ बाटल्या होत्या, आणि त्यातली एकही तिच्यासाठी नव्हती. माझीही नव्हती.

या वर्षी मैत्रिणीचा फोन आला. “जेवणाचं मी बघते, तू पिण्याचं काहीतरी आण.”

“किती जण आहोत?”

“वीस-एकवीस.”

“आणि न पिणारे किती?”

ती थांबली. “असं मोजलंच नाही गं कधी. थांब हं. जाऊबाई, बाळ अंगावर पितंय अजून. माझी दोन पोरं. सासरे. दादा, त्याने सोडून दोन वर्षं झाली. आणि रात्री सगळ्यांना घरी सोडणारा एक. सहा झाले की!”

वीसात सहा! त्या फोननंतर मी वाइनचा विचार सोडला. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. बाटल्या बाकीचे आणणारच होते, त्यात आणखी पाच ग्लासांची भर घालून मी कोणाची सोय करणार होते? या सहा जणांना काय देता येईल, एवढंच आता ठरवायचं होतं.

आधी सोपे मार्ग पाहिले. बिनअल्कोहोलची बिअर घ्यावी म्हटलं, तर डब्यावर बारीक अक्षरात ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं असं लिहिलेलं. प्रमाण किरकोळ आहे, पण दारू सोडलेल्या माणसाच्या हातात बिअरच्याच चवीचं काही द्यायला माझं मन तयार होईना. मग ग्रेपफ्रूटच्या रसाचं सुचलं, रंग सुंदर आणि कडवटपणाही छान. पण सासऱ्यांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. त्यातल्या काही गोळ्या आतड्यातलं एक एन्झाइम मोडत असतं, आणि ग्रेपफ्रूट नेमकं तेच रोखून धरतं, त्यामुळे औषध रक्तात जास्त प्रमाणात उतरतं. त्यांची गोळी कोणती, हे विचारत बसण्यापेक्षा फळच बदललं. मसाल्यांची गरम वाइन एकीने सुचवली होती. ती न पिणाऱ्यांच्या उपयोगाची नाहीच, शिवाय ती उकळू न देता मंद आचेवर राखत बसावं लागतं. ऐन पार्टीत मैत्रिणीची शेगडी अडवायची कशाला?

कोला, सरबतं हे तर नेहमीचंच. पण लहान मुलांचं पेय मोठ्यांना दिलं की दोन घोटांनंतर ग्लास बाजूला राहतो, हे मी बघितलंय. अल्कोहोल जिभेला थोडं झोंबतं, म्हणून त्याचा घोट लहान असतो. ते नसेल तर अडवणारं दुसरं काही हवं. चहाचा तुरटपणा, लिंबाचा आंबटपणा, आल्याचा तिखटपणा, वर सोड्याची चुणचुण. पंच करायचा ठरला. या शब्दाच्या इंग्रजी नोंदी १६३२ पासून मिळतात, आणि तो आपल्या ‘पाच’वरून, पाच जिन्नसांवरून गेला असं एक जुनं मत आहे. माझ्या पंचातही जिन्नस पाचच झाले: चहा, लिंबू, आलं, साखर, सोडा.

पहिला प्रयत्न आठवडाभर आधी केला, आणि तो फसला. कडक चहा उकळून गाळला, गार करून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी बघते तर काचेच्या बरणीत गढूळ, राखट पाणी! चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं गरम पाण्यात निवांत विरघळलेली असतात, थंड झाली की एकमेकांना धरून बसतात आणि पाणी ढगाळ दिसायला लागतं. चव बिघडत नाही, पण असं पेय पाहुण्यांपुढे ठेवायला मन धजत नाही. दुसऱ्या वेळी २० ग्रॅम पत्ती २ लिटर थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्येच ठेवली. सकाळी गाळल्यावर अंबरासारखा नितळ रंग, आणि कडूपणा जवळजवळ नाहीच.

चव घेण्यातही एकदा चुकले. ओट्यावर, खोलीच्या तापमानाला गोडी अगदी जमली होती. तेच मिश्रण बर्फासारखं गार केलं तर नुसतं आंबट लागलं. थंडीत जिभेला गोड कमी जाणवतं. तेव्हापासून चव घ्यायची ती गारच घ्यायची, असं ठरवून टाकलं.

सगळ्यात जीव रमला तो सालींमध्ये. बारा मोठी पिवळी लिंबं धुऊन, पुसून, त्यांची फक्त वरची पिवळी साल पीलरने काढली. खालचा पांढरा भाग आला तर कडू होतं, म्हणून हात हलका ठेवायचा. या साली ४०० ग्रॅम साखरेत टाकून बोटांनी चुरत बसले. पाच मिनिटांत साखर ओलसर व्हायला लागली. पाणी घातलेलं नसताना! सालीच्या बारीक पुटकुळ्यांत तेल असतं, साखर ते ओढून घेते. रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तेव्हा साखर ओल्या वाळूसारखी झाली होती आणि सगळ्या स्वयंपाकघरात लिंबाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखा वास भरला. नुसता रस पिळून हा वास कधीच येत नाही.

त्याच लिंबांचा अर्धा लिटर रस निघाला. त्यात ती साखर विरघळवली, साली गाळून काढल्या, किसलेल्या आल्याचा पिळलेला रस घातला आणि हे सगळं चहात मिसळलं. त्यावर पार्टीत अडीच लिटर सोडा घालायचा, म्हणजे एकूण पाच लिटरच्या वर. सहा जण, प्रत्येकी चार ग्लास, २०० मिलीचा एक. चोवीसची गरज होती, सव्वीस होत होते.

बर्फाचं दोन दिवस आधीच बघितलं. मोठ्या डब्यात दीड लिटर पाणी गोठवलं, त्यात लिंबाच्या चार चकत्या घातल्या. छोटे खडे भराभर वितळून पेय पचपचीत करतात. एकच मोठा गोळा असेल तर आकाराच्या मानाने त्याचं अंग कमी उघडं राहतं, तो सावकाश वितळतो. मैत्रिणीच्या फ्रीजमध्ये एक वाटीही मावणार नव्हती, तिने तसं आधीच सांगितलं होतं. म्हणून भांडं, डाव, ग्लास आणि बादली, सगळं घरूनच नेलं. तिथे पोचल्यावर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून सोड्याच्या बाटल्या बुडवल्या. नुसत्या बर्फात बाटलीला जागोजागी हवाच लागते, पाणी मात्र चारी बाजूंनी बिलगतं, आणि मिठामुळे ते शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. अर्ध्या तासात बाटल्या धरवत नव्हत्या.

भांड्याशेजारी जाड कागदावर पाचही जिन्नस लिहून उभे केले, खाली ‘दारू नाही’. कोणीतरी आणलेली रमची बाटली मी मुद्दाम थोडी लांब ठेवली. ज्यांना हवी त्यांनी ती आपापल्या ग्लासात ३० मिली घालावी, पंच तेवढं सहज पेलतो. एक पाहुणे उत्साहाने बाटली घेऊन थेट भांड्याकडे आले, तेव्हा मी चटकन भांड्यावर हात धरला. “ग्लासात घाला हो, भांड्यात नको.” ते थबकले, कागद वाचला आणि “बरं झालं सांगितलंत,” म्हणाले.

सोडा शेवटी, भांड्याच्या कडेने हळूच सोडला. ढवळलं एकदाच.

या वेळी शुभेच्छांना ग्लास वर गेले तेव्हा कोणाच्या ग्लासात रम आहे आणि कोणाच्या नाही, ते दिसत नव्हतं. जाऊबाईंच्या एका कडेवर बाळ होतं, दुसऱ्या हातात ग्लास, आणि तो त्यांनी सगळ्यांच्या ग्लासांना एकेक करून टेकवला. दादाने काही न बोलता तीनदा भरून घेतलं.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती. सासरे कागद वाचून माझ्यापाशी आले. “साखर किती आहे गं यात?” हिशोब तोंडपाठ होता. एका ग्लासाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. त्यांनी मान हलवली. सगळा सोडा भांड्यात गेला नव्हता हे नशीब, शेवटच्या बाटलीत थोडा होता. मी त्यांच्या ग्लासात पाव भाग पंच घातला, वर नुसता सोडा आणि लिंबाची एक फोड पिळली. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा.

“पुढच्या खेपेला अर्क आणि सोडा वेगवेगळे ठेव,” ते म्हणाले, “ज्याचं त्याला घेऊ दे.”

मी तो जाड कागद उलटा केला आणि पेन शोधून मागे लिहून ठेवलं.