माँटगोमेरी: पुतळ्याजवळचे चार दगड

अटलांटाहून सकाळी साडेसहाला निघालो आणि माँटगोमेरीच्या रोझा पार्क्स म्युझियमच्या बंद दारासमोर आठलाच हजर! माँटगोमेरी ज्या अलाबामा राज्यात आहे, त्याचं घड्याळ अटलांटाच्या जॉर्जिया राज्यापेक्षा एक तास मागे असतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. दार उघडायला तासभर. पाय मोकळे करायला कोर्ट स्क्वेअरकडे वळलो, ते बरंच झालं.

चौकात २०१९ साली बसवलेला रोझाबाईंचा पुतळा आहे. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून १९५५मध्ये त्यांना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. लोक फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही जवळचे ग्रॅनाइटचे चार दगड वाचाच. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, क्लॉडेट कोल्विन, मेरी लुईझ स्मिथ. बहिष्कार ३८१ दिवस चालला खरा, पण बसमधला वर्णभेद कोर्टात मोडला तो या चौघींच्या खटल्याने. त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या! क्लॉडेट तर पंधरा वर्षांची शाळकरी पोर. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ला, तिने जागा सोडली नाही म्हणून पोलिसांनी बेड्या घातल्या. तिला पुढे करून आंदोलन उभारायला मात्र कृष्णवर्णीयांचे पुढारी धजले नाहीत.

म्युझियममध्ये बसचा देखावा छान आहे, मुलांना आवडेल. मला मात्र जो ॲन रॉबिन्सन सोडवत नव्हत्या. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई. बहिष्काराचा इशारा देणारं पत्र त्यांनी महापौरांना मे १९५४मध्येच धाडलं होतं. रोझाबाईंना अटक झाली त्या रात्री एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन त्या कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर (स्टेन्सिलवरून प्रती काढणारं यंत्र) बसल्या. एका कागदावर तीनदा तोच मजकूर, मग कापाकापी. सकाळपर्यंत बहिष्काराची हजारो पत्रकं तयार. नोकरी सरकारी कॉलेजात, त्यामुळे नाव झाकलेलंच ठेवावं लागलं. सायक्लोस्टाइलची शाई बोटांवरून दोन दिवस जात नाही, हे आमच्या पिढीला सांगायला नको.

डेरिकोट स्ट्रीटला गाडीनेच जा. तिथे जॉर्जिया गिलमोर यांच्या घरापाशी फलक आहे. चिकन, मासे, 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ, केक विकून त्या आणि त्यांच्या मैत्रिणी आंदोलनाला पैसे पुरवत. गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर 'कुठूनच नाही'! बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला, नाव फुटलं तर नोकरी गेली. जॉर्जियाबाईंची गेलीच, मग त्यांनी घरातच स्वयंपाक करून विकायला सुरुवात केली. वस्ती राहती आहे, तेव्हा लोकांच्या अंगणात कॅमेरे रोखू नका.

शाकाहारी असाल तर डबा घ्या. हॉटेलातल्या हिरव्या पालेभाजीतही बहुधा डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका. उन्हाळ्यात चौकाचं काम सकाळीच उरका. रविवारी म्युझियम उघडं असेलच असं धरू नका, वेळ आधी बघून घ्या. आणि परतताना तो मिळालेला तास जॉर्जिया राज्य परत घेतं. आमच्या घरी रात्रीची खिचडी साडेदहाला शिजली.