तीव्र मध्यम आणि सैतान

पेटी शिकायला येणाऱ्यांचे पालक मला हमखास विचारतात, "सर, तुम्ही यमन शिकवता आणि गाडीत ते ब्लॅक सॅबथ लावता? ती सैतानाची पूजा करणारी मंडळी ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं पहिलं गाणं पाऊस, गडगडाट आणि घंटेच्या आवाजाने सुरू होतं. मग बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गिटार तीनच स्वर वाजवते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सा, वरचा सा आणि मग तीव्र म, म्हणजे म आणि प यांच्यामधला स्वर. सा आणि तीव्र म यांतल्या या अंतराला तिकडे सैतानाचं नाव चिकटलंय. आपल्याकडे तोच तीव्र म यमनात रोज संध्याकाळी भेटतो आणि कुणी दचकत नाही. फरक इतकाच, की यमनात तो पंचमाच्या, म्हणजे प या स्वराच्या, आधाराने येतो. इथे तो जागच्या जागी थरथरतो, पंचमावर विसावत नाही. भीती वाटते ती त्या अधांतरी राहण्याची.

बाकी गाणं नीट ऐकलंत तर त्यातला माणूस सैतानाला हात जोडत नाहीये. समोरच्या काळ्या आकृतीला बघून त्याची बोबडी वळलीय आणि तो देवाचा धावा करतोय! रेकॉर्डच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापलाय खरा, पण तो कंपनीने बँडला न विचारता टाकलेला. मुखपृष्ठावरची काळ्या कपड्यांतली बाईही भूत नव्हे, मॉडेल आहे. मागची पाणचक्की ऑक्सफर्डशरमधल्या मेपलडरहॅमची.

मला त्यात सैतानापेक्षा कारखाना जास्त ऐकू येतो. ही चौघं बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली, कामगारवस्तीतली पोरं. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्याच दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. त्याने भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा दाबता याव्यात म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. जिद्दीच्या गोष्टी मला एरवी गोड वाटत नाहीत, पण ही बाटली मात्र विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्डिंग उरकलं. बहुतेक सगळं एकत्र बसून, मैफिलीसारखं. पाऊस आणि घंटा नंतर घातल्या. १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी, रेकॉर्ड बाजारात आली. बिल वॉर्डच्या ड्रमवर जॅझचा हात स्पष्ट कळतो, आणि 'वॉर्निंग' हे दहा मिनिटांचं गाणं, माझं विचाराल तर, जरा लांबलंच आहे.

बाकी ते पहिले तीन स्वर पेटीवर स्वतः वाजवून बघा. तीव्र मध्यमावरून बोट आपोआप पंचमाकडे सरकेल. सरकू देऊ नका.