आमची वाटचाल: पाण्याच्या बोअरपासून चुंबकीय नकाशापर्यंत

वडिलांची पाण्याच्या बोअरची गाडी होती. खानापूर, जांबोटीकडची गावं. पाणाड्या नारळ घेऊन फिरायचा, दाखवेल तिथं वडील बोअर मारायचे. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे शेतकऱ्याला द्यावेच लागायचे. ते मला लहानपणापासून खटकायचं. धारवाडला भूशास्त्र शिकलो, कर्ज काढून कोअर ड्रिलिंगची, म्हणजे खडकाचा अखंड दांडा (कोअर) वर काढणारी, मशीन घेतली आणि बेळगावात उद्यमबागेत एका गाळ्यात काम सुरू केलं.

पहिलं मोठं काम खानापूरच्या पश्चिमेला, लोहखनिजाचं. पार्टीनं चुंबकीय नकाशा हातात दिला, म्हणजे जमिनीवर कुठं चुंबकत्व जास्त, कुठं कमी ते रंगांत दाखवणारा. त्यात लाल डाग. लाल म्हणजे जोरदार चुंबकत्व, म्हणून मशीन थेट डागावर उभी केली. साठ मीटर गेलो. कोअरच्या पेटीत आधी जांभा, मग शिस्ट हा हिरवट, पापुद्र्यांचा खडक. आमचे ऑपरेटर मामा दोऱ्याला बांधलेलं चुंबक कोअरवरून फिरवत राहिले. "मालक, हे वळत बी न्हाई." दुसरा बोअरही तसाच कोरा. पार्टीनं अर्धं बिल अडवलं. त्या महिन्यात पोरांचे पगार उसने आणून भागवले.

चूक नकाशाची नव्हती, आमच्या वाचण्याची होती. आपल्याकडं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उभं शिरत नाही, क्षितिजाला वीसेक अंशांचाच कोन करतं. त्यामुळं मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाच्या, खडकावर नकाशात बहुधा निळा खड्डा (कमी आकडे) दिसतो आणि लाल उंचवटा दक्षिणेला सरकतो. आम्ही दोन्ही बोअर दक्षिणेला मारून बसलो होतो. तिसरा स्वतःच्या खर्चानं, उत्तरेला सरकून, तिरका मारला. काळे पट्टे आले आणि मामांचं चुंबक टक्कन चिकटलं. तो आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, मॅग्नेटोमीटर घेतला, जुनाच. इथलं क्षेत्र सुमारे ४२ हजार नॅनोटेस्ला (हे त्याचं मोजमाप). दिवसभरात ते आपोआप पाच-पन्नास नॅनोटेस्लांनी वरखाली होतं, म्हणून तो फरक वजा करायला एक यंत्र दिवसभर एकाच जागी ठेवावं लागतं. लोखंडाचं तर फारच जपावं लागतं. पत्र्याचं छप्पर, तारेचं कुंपण, पोराच्या हातातलं कडं, सगळ्यानं आकडे बिघडतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, ते का हे कुंपणाशेजारचे वाकडे आकडे बघितल्यावर कळलं.

या आकड्यांवरून संगणकावर जमिनीखालच्या खडकाचं मॉडेल करतात, त्याचीही एक खोड आहे. उथळ, पसरट खडक आणि खोल, जाड खडक आकड्यांच्या आलेखात जवळजवळ सारखीच रेघ काढू शकतात. उत्तरेकडं काळ्या पाषाणाचा थर असेल तर आणखी घोळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व बराच काळ उलटं होतं आणि खडकानं ती दिशा धरून ठेवली आहे. तो उलटेपणा मॉडेलमध्ये घातला नाही तर खोली आणि उतार दोन्ही चुकतात.

म्हणून आता पार्टीला एकच मॉडेल देत नाही, तीन देतो. पहिला बोअर असा आखतो की त्यातली निदान दोन खोटी ठरावीत. कोअर वर आली की दर मीटरला तिची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे खडक किती चुंबकत्व धरतो ते, मोजतो, ते आकडे रात्रीच मॉडेलमध्ये घालतो आणि तोवर मशीन हलवत नाही. पार्ट्यांची घाई असते, डिझेलचा मीटर चालू असतो, दोनदा काम हातचं गेलंही.

मामांना आमच्या एका पोरानं ग्रहणशीलता मोजायचं यंत्र शिकवलं आहे. आकडा लिहून झाला की ते खिशातलं जुनं चुंबक काढून त्याच जागी एकदा टेकवून बघतात.