श्रीवर्धन ते रत्नागिरी: तीन खाड्या, पाच दिवस

मांडवा ते रेडी हा कोकणचा किनारा सुट्टी मिळेल तसा तुकड्यांनी सायकलवर करायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं, त्यातला हा दुसरा तुकडा. पहिल्यात मांडव्याहून निघून मुरुड, आगरदांडा-दिघी, दिवेआगर करत श्रीवर्धन गाठलं होतं, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. या वेळी पौष शुद्ध चतुर्दशीला श्रीवर्धनहून निघालो आणि पाचव्या दिवशी दुपारी रत्नागिरीत पोचलो. सायकलच्या मीटरवर २३१ किलोमीटर झाले.

आधी सायकलमधले बदल. मागच्या वेळी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११-२८ ची (सगळ्यात लहान चकतीला ११ दाते, मोठीला २८) होती आणि चार घाट्या उतरून ढकलाव्या लागल्या. आता ११-३४ बसवली. पुढची लहान चकती ३४ दात्यांची, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. कोकणात चढ फार लांब नसतात, पण खाडीच्या पातळीवरून थेट सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, नेतात, शंभर-दीडशे मीटर एका दमात, आणि लगेच पुढच्या गावात परत खाली. दिवसातून पाच-सहा वेळा. त्यामुळे इथे ताकदीपेक्षा हलका गिअर कामाला येतो. या वेळी फक्त वेळासहून केळशीकडे जाताना एकदा ढकलली. टायरही २८ चे ३८ मिलिमीटर केले आणि हवा पन्नास पीएसआयच्या आत ठेवली. जांभ्याच्या खडीवर हाताला बसणारे हादरे खूपच कमी झाले. सामान प्रत्येकी नऊ किलो.

या तुकड्यात एक नवी सवय लावून घेतली, ती म्हणजे वहीत चारचाकी गाड्या मोजायच्या. आपण सगळेच 'मोकळा रस्ता' म्हणतो, पण मोकळा म्हणजे नेमका किती, हे मला स्वतःला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी हरिहरेश्वरपर्यंत पर्यटकांच्या गाड्या होत्या, तासाला पंचवीस-तीस. मग बागमांडल्याला जेटीवर आलो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी. खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. फेरीबोट, इकडे तिला जंगलजेटी म्हणतात, पलीकडे लागली आणि फळी खाली टेकताच सगळ्या मोटारी एकदम सुटल्या. आम्हीही घाईने त्यांच्यामागे निघालो. वेश्वीपासून दोन किलोमीटर धूर, हॉर्न आणि कडेच्या गवतात उतरणं. मग अचानक सगळं थांबलं. बाणकोट ओलांडून वेळासला पोचेपर्यंत एक गाडी आली नाही. खाडीच्या पाण्यावर बगळे, एका पडवीत सुपाऱ्या सोलणारी दोन माणसं, आणि आमच्या चेनचा आवाज.

तेव्हा लक्षात आलं की या किनाऱ्यावर रहदारी नदीसारखी वाहत नाही, बोटीगणिक घोळक्याने येते. एक घोळका गेला की पुढची बोट लागेपर्यंत रस्ता रिकामा. दाभोळहून धोपावेला उतरलो तेव्हा मुद्दाम सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि जेटीवर चहा घेतला. दहा मिनिटांत चौदा गाड्या गेल्या. मग आम्ही निघालो, तर पुढच्या अर्ध्या तासात तीन. त्या तिन्ही समोरून आलेल्या, परतीची बोट पकडायला निघालेल्या. या किनाऱ्यावर येणाऱ्याने हे एवढं जरूर करावं: बोटीतून शेवटी उतरा, चहा घ्या, मग निघा.

दुसऱ्या दिवशीचा केळशी ते आंजर्ले हा पट्टा मला या अख्ख्या किनाऱ्यातला सगळ्यात लाडका झाला आहे. उटंबरचा डोंगर चढून आडे गाव, तिथून पाडले आणि मग समुद्राला खेटून रस्ता. उजव्या हाताला लाटा, डाव्या हाताला माडांची आगरं. दोन तासांत सात गाड्या मोजल्या, त्यातली एक एसटी आणि एक बर्फाच्या लाद्या नेणारा टेम्पो. एसटीचा चालक आम्हाला ओलांडायच्या आधी वेग कमी करून हात बाहेर काढून खूण करत होता. आंजर्ल्याला खाडीवर पूल आहे. पूल ओलांडून हर्णैला आलो आणि आकडा बदलला: तासाला बेचाळीस. मुरुड-कर्दे ओलांडेपर्यंत तेच. लाडघरच्या चढाला लागल्यावर परत शांत झालं.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. हिवाळ्यात पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत जमिनीवरून मतलई वारा असतो, मंद आणि कोरडा. दुपारी खारा वारा सुटतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो उजव्या खांद्यामागून ढकलतो. म्हणून रत्नागिरीकर मित्र कितीही म्हणाले की आमच्याकडून वर या, तरी आम्ही उत्तरेकडूनच खाली येतो आहोत. तवसाळच्या आधी सड्यावर दुपारी दोन वाजता, सावली नसलेल्या कातळावर, त्या वाऱ्यानेच आम्हाला नेलं.

तिसऱ्या दिवशी दाभोळच्या उतारावर माझ्या मागच्या ब्रेकचे रबर संपले. धातूचा आवाज आला तशी थांबले. जांभ्याची लाल धूळ रिमवर बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते, चार महिने जाणारे रबर तीन दिवसांत गेले. जादा जोडी सोबत होती म्हणून निभावलं. रिम ब्रेकवाल्यांनी दोन जोड्या ठेवाव्यात आणि रोज संध्याकाळी रिम ओल्या फडक्याने पुसावी.

चौथ्या दिवसासाठी मी तिथी बघून ठेवली होती. आजोळी शिकलेला हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. वद्य द्वितीया, म्हणजे दोनची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. गुहागरला बरोबर सात वाजता पुळणीवर उतरलो आणि ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवली. सुरूच्या बनाच्या कडेने सलग कित्येक किलोमीटर आमच्या दोघींच्या चाकांच्या रेघांखेरीज काही नव्हतं. वहीत त्या तासापुढे शून्य लिहिलंय. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. वरच्या कोरड्या वाळूत जाऊ नये, या दिवसांत कासवं तिथे अंडी घालतात. आणि वाळूतून बाहेर पडल्यावर पहिल्या विहिरीवर सायकल गोड्या पाण्याने धुवावी. आम्ही पालशेतला एका अंगणात पाणी मागितलं. आजींनी रहाट दाखवला आणि म्हणाल्या, "आधी घावणे खा, मग धू ती सायकल. कुठे पळून जाते काय?" घावणे, नारळाचा रस आणि गूळ. चेन पुसून तेल घालेपर्यंत साडेदहा वाजले, आणि वेळणेश्वर-हेदवीचे चढ उन्हात करावे लागले. त्याचं काही वाटलं नाही.

तवसाळहून जयगडला शास्त्रीची खाडी ओलांडली, ही तिसरी बोट. बोटीवर आम्ही, सहा दुचाक्या आणि एक रिकामी पिकअप. जयगडला उतरल्यावर सरळ निवळीकडे जाणारा मोठा रस्ता धरू नये, बंदरामुळे त्यावर ट्रक असतात. आम्ही किनाऱ्याच्या बाजूने वरवड्यावरून मालगुंडला आलो.

बोटीवरच्या खलाशाला मी विचारलं, "दादा, पूल झाला तर तुमचं काय?" तो म्हणाला, "ताई, माझी बायको बाळंतपणाला नडली तेव्हा रात्री बोट बंद होती. पूल व्हायलाच हवा." रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची आहे, म्हणजे ८० च्या दशकापासूनची. आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचं ठरलं आहे. पूल झाले की घोळके जातील आणि सलग ओघ येईल, हे हर्णैच्या आकड्यावरून मला दिसतं. तरी त्या खलाशासमोर मला दुसरं काही म्हणावंसं वाटलं नाही. म्हणून सायकलवाल्यांना एवढंच सांगते की हा किनारा असा बघायचा असेल तर पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत या.

पाचवा दिवस छोटा होता. गणपतीपुळ्याला गर्दी, आरे-वारेच्या वळणांवर फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या, तासाला साठच्या वर. सकाळी सातच्या आत गेलात तर निराळं असेल. रत्नागिरी स्टेशनवर पार्सल कार्यालयात सायकली बुक केल्या. पॅनियर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या), पंप, दिवे काढून हातात घ्यावेत आणि गाडी सुटायच्या दोन तास आधी पोचावं.

पुढचा तुकडा भाट्याच्या पुलापासून: पावस, पूर्णगड, आंबोळगड, जैतापूर, विजयदुर्ग. या बाजूला पूल झालेले आहेत, बोटीचा आधार नाही. पूर्णगड ते आंबोळगड किनाऱ्याच्या आतल्या गाडीवाटांनी जाता येतं का, हे कुणी सायकलने केलं असेल तर कळवा. फाल्गुनात निघायचा विचार आहे, तिथी अजून बघायची आहे.